व्हाया पारोळा

नाना बाविस्करांसमोर चालू गाणं कुणी मध्येच बंद केलं, की ते त्या माणसाकडे असं बघत, जसं काही त्याने जेवत्याच्या पुढून ताट उचललंय. गाणं चांगलं की वाईट हा प्रश्नच नसे. आमच्या कचेरीसमोर चहाची टपरी होती, तिथे दिवसभर रेडिओ लागलेला असायचा. चहा संपला आणि गाणं संपलं नाही, तर नाना रिकामा ग्लास हातात धरून उभे राहत. वरून साहेबांचा निरोप आला तरी "एक कडवं राहिलंय, आलोच म्हणावं" असं सांगून शिपायाला परत पाठवत. मी एकदा म्हटलं, "नाना, गाणं तर भिकार आहे." ते म्हणाले, "आहेच. पण सुरू झालं ना? मग संपू द्यावं माणसाने."

जळगावच्या विजेच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. मी बिलांच्या तक्रारी घ्यायची, नाना इंजिनिअर. आणि दैव बघा, ज्याला गाणं तोडलेलं खपत नव्हतं त्याच्याकडेच भारनियमनाचं काम होतं. कुठल्या भागाची वीज कधी बंद करायची याचं वेळापत्रक नाना बनवत. अर्ध्या जळगावने त्यांना रोज शिव्या घातल्या असतील. नाना म्हणत, "घालू द्या. वेळेवर घालवतो, वेळेवर आणतो. तेवढं तरी कोण करतं?"

बोलणंही तसंच, टोकापासून टोकापर्यंत. एकदा नशिराबादचा एक शेतकरी बिल जास्त आलं म्हणून तणतणत आला. मी सुटीवर होते, म्हणून तो नानांच्या तावडीत सापडला. नानांनी भुसावळच्या वीजकेंद्रातल्या कोळशापासून सुरुवात केली. वाफ झाली, तारा झाल्या, उपकेंद्र झालं. बऱ्याच वेळाने तो बिचारा म्हणाला, "साहेब, बिल कमी व्हईन का?" नाना म्हणाले, "ते शेवटी येतं." तो माणूस पुन्हा कधी तक्रार घेऊन आला नाही. माझं काम तेवढंच कमी झालं.

या सगळ्याचं मूळ नानांच्या पुण्यातल्या शिक्षणात होतं. वसतिगृहात खोलीतल्या दुसऱ्या मुलाकडे एका विलायती बँडची कॅसेट होती. तिच्या एका बाजूला एकच गाणं. मुखडा परत येत नाही, ताल दर थोड्या वेळाने बदलतो, वाद्यं एकमेकांशी भांडतात आणि शेवटी सगळी एका ठिकाणी येऊन थांबतात. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, असं त्या मुलाने सांगितलं. शिंदखेड्याजवळच्या खेड्यातून आलेल्या या पोराला पहिल्यांदा त्यातलं काही कळलं नाही. न कळलेली गोष्ट अर्धी सोडायची नाही, म्हणून त्यांनी ती कॅसेट वर्षभर ऐकली. त्या बँडचं नाव मात्र नानांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मी विचारून थकले. "नाव सांगितलं की तुम्ही ते ऐकणार, आणि मग माझं ऐकताना तेच शोधत बसणार," हे ठरलेलं उत्तर.

म्हणजे 'माझं' करायचं हे आधीपासून ठरलेलं होतं. रावेरच्या एका केळीवाल्या पाहुण्यांना ते एकदा म्हणाले, "मी प्रोग्रेसिव्ह संगीत करतो." पाहुण्यांना प्रगतिशील शेतकरी ठाऊक होते. त्यांनी आदराने विचारलं, "मग ठिबकवर का?"

नाना स्वतः गिटार वाजवत. कीबोर्डला आमच्याच कचेरीतला वाणी नावाचा कारकून, घरी गणपतीत आरत्या वाजवणारा. ढोल आणि ड्रमला रफीकभाई. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं आणि लग्नसराईत ते बँडमध्ये ढोल वाजवत. तिघं म्हणून बँडचं नाव 'थ्री फेज'. तालमी रफीकभाईंच्या दुकानामागे, कापसाच्या गठ्ठ्यांत चालत. कापूस आवाज खातो, शेजारी ओरडत नाहीत, एवढंच त्या जागेचं महत्त्व. रफीकभाईंना नानांचा सात मात्रांचा हट्ट पटत नसे. "नाना, सात में बारात कैसे चलेगी?" ते म्हणत, आणि लगेच अहिराणीवर येत, "मानूसले पाय दोनच शेतस." नाना म्हणत, "वरात नाही, एसटी चालवायचीय. जुनी एसटी सातव्या ठोक्यालाच आचका देते. बसून बघा." रफीकभाई खरंच बसून आले. मग सात मोजू लागले.

कारण नानांचा अल्बम म्हणजे जळगाव ते धुळे एसटीचा प्रवास होता. नाव 'व्हाया पारोळा'. कॅसेटची पहिली बाजू जळगाव स्टँडवरून सुटायची. पाळधी, एरंडोल करत पारोळ्याला यायची. तिथे कंडक्टरच्या आवाजात रफीकभाई म्हणायचे, "गाडी दहा मिनिटं थांबेल," आणि बाजू संपायची. दुसरी बाजू पारोळ्याहून मुकटी, फागणे करत धुळ्यात. शेवटी गाडी स्टँडात लागते, इंजीन बंद होतं आणि गिटारची एकच तार बराच वेळ वाजत राहते, विरेपर्यंत. मुखपृष्ठावर नानांनी छापून घेतलं होतं: 'बाजू बदलण्यापूर्वी चहा घ्यावा.' ही सूचना गंमत म्हणून नव्हती. मी एकदा चहा न घेता दुसरी बाजू लावली, तर त्यांचा चेहरा उतरला.

फागण्याजवळ गाडी अडते, कारण पुढे खानदेशच्या कानबाई देवीची मिरवणूक विसर्जनाला नदीकडे निघालेली असते. तेवढ्यापुरत्या बाईच्या आवाजात दोन ओळी हव्या होत्या. नानांनी आपल्या मोठ्या बहिणीला विचारलं. तिला सगळे अक्का म्हणत. शिंदखेड्याला दिलेली, उंच, काटक, कानबाईच्या गाण्यांत तिचा हात धरणारं कुणी नाही. अक्का म्हणाली, बोळवणीचं गाणं एरवी गात नाहीत. श्रावणात कानबाई रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी तिची बोळवण होते. रोटाचा प्रसाद जेवायला भाऊबंद जमतात तेव्हा ती जळगावला येतेच, त्या सोमवारी दुपारपर्यंत म्हणेन म्हणाली. का, तर "माय तंवलोंग वाटवर र्‍हास." तोवर देवी वाटेवर असते. त्यानंतर नाही.

म्हणून रेकॉर्डिंग त्या सोमवारी दुपारी ठरलं. जागा म्हणजे नानांच्या मित्राचं केळी पिकवायचं गोडाऊन. थंडावा टिकावा म्हणून भिंती जाड, दार लोखंडी, बाहेरचं काही ऐकू येत नाही. मला बोलावलं, कारण अक्का तीन पुरुषांत एकटी बसणार नव्हती. बसलेच आहे तर काम हवं, म्हणून नानांनी रेकॉर्डर माझ्या पुढ्यात ठेवला. "ताई, हे लाल बटण दाबायचं आणि मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही." रेकॉर्डर सेलवर चालणारा होता. विजेच्या माणसाचा विजेवर भरवसा नसतो. गिटार आणि कीबोर्ड मात्र भिंतीतल्या बोर्डावर.

दुसरी बाजू नीट चालली होती. मुकटी गेली, फागणे आलं, नानांनी मान हलवली आणि अक्काने आवाज लावला. तिची पहिली ओळ संपत नाही तोच लाइट गेली. दार बंद, हाताला हात दिसत नव्हता. गिटार मेली, कीबोर्ड मेला. त्या अंधारात नाना एवढंच म्हणाले, "अरे!"

ते 'अरे' देवाला नव्हतं, स्वतःला होतं. दोन दिवसांपूर्वी त्या भागातले लोक कचेरीत आले होते. सोमवारी सकाळी कानबाईची बोळवण आहे, सकाळची लाइट घालवू नका, अशी त्यांची विनंती. विनंती रास्त होती. नानांनी सकाळचं भारनियमन दुपारी ढकललं आणि सही केली. आपणही दुपारी त्याच भागात असणार, हे डोक्यातून साफ गेलं. वीज वेळेवर गेली होती, अगदी नानांच्या सहीबरहुकूम.

अक्का थांबली नाही. दोनच ओळी म्हणायच्या होत्या, पण गाडी पुढे जाईना, तर ती आपलं गाणं गात राहिली, तिसरी ओळ, चौथी ओळ, देवीला नदीपर्यंत पोचवणारं सगळं गाणं. तिच्या आवाजाखाली रफीकभाईंचा ढोल आला, साध्या चालीचा, मिरवणुकीसारखा. मी अंधारात लाल बटणाजवळ हात धरून बसले होते. सांगेपर्यंत हात लावायचा नाही असं बजावलं होतं आणि कुणी काही सांगत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. इतक्या जवळून इतका उघडा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

केळीच्या गोडाऊनला जनरेटर असतोच. वॉचमनने तो चालू केला तेव्हा अक्का शेवटच्या ओळीवर होती. वाणी आणि नाना दोघंही अंधारात मुक्या वाद्यांवर आपले सात मोजत बसले होते, त्यामुळे वीज आली तशी गिटार आणि कीबोर्ड एकदम धाडकन तिच्या गाण्यावर येऊन आदळले. थोडा वेळ तिची मिरवणूक आणि यांची एसटी एकमेकांना वाट देत नव्हती. मग कशी कोण जाणे, दोन्ही एकत्र चालू लागली आणि धुळ्यात पोचली.

तार विरली. नाना म्हणाले, "पुन्हा घेऊ. अक्का, लाइट गेल्यावर बंद करायचं ना तू."

अक्काने घाम पुसला. "काबरं बंद करू? गानं कानबाईनं शे, लाइटनं नही."

"बरं. आता पुन्हा म्हण, दोनच ओळी."

"आते नही. माय पोचनी. पुढला साल."

एकदा पोचवलेल्या देवीला परत कसं पोचवायचं? नानांनी विनवलं, रफीकभाईंनी विनवलं. अक्का पदर खोचून रोट झाकायला घरी गेली. मुखपृष्ठं धुळ्याच्या छापखान्यात आधीच छापून झाली होती, वर्षभर थांबायची नानांची तयारी नव्हती. जसं होतं तसं बाहेर आलं. मुखपृष्ठावर नावं तीन: बाविस्कर, रफीक, वाणी. रफीकभाई म्हणाले, "और अक्का?" नाना म्हणाले, "दोनच ओळी ठरल्या होत्या."

कॅसेटचे दिवस सरत आले होते. जे थोडे नग खपले त्यातले बरेचसे परत आले, मध्येच आवाज जातो म्हणून. नाना प्रत्येकाला समजावत की खराबी नाही, लाइट गेली होती. लोक म्हणत, मग लाइट असताना भरायची ना.

रफीकभाईंचा मेहुणा धुळ्यात बँड चालवत असे. त्याच्या हाती ती कॅसेट गेली. त्याने एसटी टाकून दिली आणि फागण्याचा अंधार तेवढा उचलला. वरातीत सगळे पितळी बाजे एकदम बंद, जनरेटरच्या गाडीवरचे सगळे दिवे बंद, फक्त ढोल आणि बायांचं गाणं. मग एकाएकी दिवे, बाजे, सगळं एकदम. त्याचं पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने. आज पाचोऱ्यापासून शिंदखेड्यापर्यंत कुठल्याही लग्नात बँडवाल्याला सांगा, 'लाइट' वाजव. तो विचारणार नाही कुठली. दिवे जातात त्या क्षणी सगळी वरात एका सुरात 'अरे' म्हणते. का म्हणते, ते कुणालाच माहीत नाही. नव्या पोरांना विचारा, सांगतील, जुनी पद्धत आहे आमच्याकडची.

नानांनी ते पहिल्यांदा स्वतःच्या पुतण्याच्या लग्नात ऐकलं, धुळ्यात. दिवे गेले, शंभर माणसं 'अरे' म्हणाली. नाना वरातीतून बाहेर पडले आणि न जेवता बस धरून जळगावला आले. दुसऱ्या दिवशी टेबलावर फायली उगाच इकडच्या तिकडे करत म्हणाले, "ताई, चाळीस मिनिटांचं केलं मी. ताल बांधले, रस्ता बांधला. लोकांनी उचललं काय, तर माझं भारनियमन."

मला हसू आलं आणि ते चुकीच्या वेळी आलं. त्यांना ते खरोखर लागलं होतं. पुढे कित्येक वर्षं कुणी 'लाइट'ची तारीफ केली, की नाना विचारत, "पूर्ण ऐकलंय का?" कुणीच ऐकलेलं नसे. पूर्ण ऐकल्याशिवाय ते त्यावर एक शब्द बोलत नसत. लग्नाला जाणंही त्यांनी कमी केलं. अक्काला मात्र वरातीत ते ऐकून काहीच वाटत नसे. तिचा नेम तिच्यापुरता; कानबाईचं गाणं आहे, लोक गाणारच. तो आवाज मुळात तिचा, हे तिच्या शिंदखेड्याच्या शेजारणींनाही माहीत नव्हतं.

निवृत्तीनंतर नाना धुळ्याला देवपुरात राहायला गेले. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने जुनी कॅसेट साफ करून इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. ती म्हणाली, 'लाइट'चा तुकडा वेगळा टाकू, तोच चालेल. नानांनी ठाम नकार दिला. टाकायचं तर सलग, पारोळ्याच्या चहासकट. नावं काय द्यायची, असं तिने विचारलं. ते म्हणाले, "कमलबाई पाटील आणि थ्री फेज." मुलगी म्हणाली, "कमलबाई कोण?" अक्काचं नाव घरातही कुणाला आठवत नव्हतं. हे मला तिनेच सांगितलं.

त्याच सुमारास अक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला पुतण्याकडे आली होती. नाना तिला धुळ्याला न्यायला भाड्याची गाडी घेऊन आले. मला बहिणीकडे धुळ्याला जायचं होतं, म्हणून मीही बसले. नाना पुढे ड्रायव्हरजवळ, आम्ही दोघी मागे. अक्काला काळा चष्मा.

आता रस्ता चौपदरी झालाय आणि गावांना वळसे घालतो. नाना ड्रायव्हरला म्हणाले, "एरंडोल गावातून घ्या. पारोळाही." ड्रायव्हर म्हणाला, "आबा, आते तठून कोनी जात नही." नाना म्हणाले, "आपण जातोय." मग खिशातला फोन काढून त्यांनी गाडीच्या स्पीकरवर अल्बम लावला. जळगाव सुटलं. पहिली बाजू पारोळ्याच्या आधीच संपली, उरलेला रस्ता गाडीच्या आवाजात गेला. पारोळ्याला गाडी थांबवून चहा घेतला. अक्काने विचारलं, "हाई तू करेल शे?" हे तू केलंय? नाना म्हणाले, "हो." आयुष्यात तिने पहिल्यांदा ते सुरुवातीपासून ऐकलं होतं. तिच्या घरी कॅसेट वाजवायला काही नव्हतं, देवाजवळ ठेवली होती एवढंच.

"इंटरनेटवर टाकलंय आता," नाना ग्लासात बघत म्हणाले. "तुझं नाव टाकलं. पहिलं."

"बरं," अक्का म्हणाली, आणि चहात साखर कमी आहे म्हणाली.

दुसरी बाजू नानांनी लगेच लावली नाही. फागणे जवळ येईपर्यंत थांबले आणि मग सुरू केली. धुळ्याच्या हद्दीत शिरता शिरता त्यातली मिरवणूक आली. अक्काचा तरणा आवाज, मग एकदम सगळी वाद्यं बंद, मग बारीकसं 'अरे'. अक्काने मान वर केली. तिची बोटं काचेवर ढोलाच्या चालीने वाजू लागली. पुढे बसलेल्या नानांची मान मला मागून दिसत होती, ती हलली नाही. गाणं शेवटच्या ओळीवर आलं, वीज आली, वाद्यं येऊन आदळली. तेवढ्यात गाडी माझ्या बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली, आणि नानांनी हात पुढे करून फोन बंद केला.

इतक्या वर्षांत मी त्यांना चालू गाणं बंद करताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माझ्यासाठी केलं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "झालं अक्का. ऐकायचं ते एवढंच आहे. लोकांना बरोबर कळलं होतं."

अक्काने काचेवरची बोटं थांबवली. नानांना लहानपणच्या नावाने हाक मारून म्हणाली, "परभा, काबरं बंद करं?"

"पुढे नुसता माझा रस्ता आहे."

"मंग? आर्धं कोनी सोडस का? पुरं व्हवू दे."

नानांनी फोन परत चालू केला.

मी पिशवी घेऊन उतरले. ते मला दिसलेले शेवटचे नाना. पुढे थंडीत ते गेले, आणि अक्का अजून आहे. यंदाही कानबाईला जळगावला आली होती. पण मी सांगतेय ते त्या संध्याकाळचं. गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं, तर गाडी हललीच नव्हती. ड्रायव्हर बाहेर उभा राहून तंबाखू मळत होता. काचा वर होत्या. नाना पुढची जागा सोडून मागे अक्काजवळ येऊन बसले होते, आणि दोघंही समोर बघत होते. तार अजून वाजत असावी.